गांधीजींचे घर आणि घरकाम



दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की आमची संपादक मंडळी मला गाठतात आणि दरवर्षी मी काहीतरी सबब सांगून निसटतो. यंदा मात्र एक विषय मनात असा ठाण मांडून बसला आहे की स्वतःहूनच लिहायला घेतले. मी लेखक नाही. कापड गिरणीत यंत्रांशी झटण्यात आयुष्य गेले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

झाले असे, काही वर्षांपूर्वी आमच्या वाईच्या आत्याबाई दिवाळीनंतर अहमदाबादला आल्या होत्या. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला साबरमती आश्रम दाखवायचा, हा आपला सर्वांचाच शिरस्ता. मीही त्यांना घेऊन गेलो. हृदयकुंजमध्ये गांधीजींची बैठक पाहिली, चरखा पाहिला, नदीकाठी थोडे टेकलो. आत्याबाईंनी सगळे शांतपणे पाहिले आणि मग विचारले, की इथे एका वेळी पाने किती उठायची, स्वयंपाक कोण करायचे, आणि जेवणे झाल्यावर खरकटी भांडी कोण घासायचे?

मंडळी, या शहरात पस्तीस वर्षे काढूनही मला उत्तर देता आले नाही! दांडीयात्रा किती तारखेला निघाली हे मला पाठ होते. भांडी कोण घासायचे हे ठाऊक नव्हते. घरी येऊन 'सत्याचे प्रयोग' पुन्हा काढले, 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' मिळवला, आणि वाचता वाचता मला एक निराळेच गांधीचरित्र दिसू लागले. चूल, जाते, इस्त्री, कात्री, आरी आणि खराटा यांचे चरित्र. तेच आज आपल्यासमोर ठेवतो.

दिवाणांचा मुलगा

मोहनदासांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील करमचंद संस्थानचे दिवाण. घरात नोकरचाकर. अशा घरातल्या मुलाला कामाची सवय कुठून असणार? त्यांच्या घरी उका नावाचा सफाई कामगार येत असे. त्याला शिवायचे नाही, चुकून शिवलास तर आंघोळ करायची, अशी आई पुतळीबाईंची ताकीद होती. आईवर त्यांची अपार भक्ती, पण ही एक गोष्ट त्या मुलाला कधी पटली नाही. हा उका आपण लक्षात ठेवू या, कारण पुढच्या सगळ्या घरकामाचे मूळ मला तिथे दिसते.

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले. मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य, हे आईला दिलेले वचन सोबत होते. पहिले काही महिने उपासमारच झाली म्हणा ना. उकडलेल्या बेचव भाज्या आणि पावाचे दोन-तीन तुकडे. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा पोट भरले. नंतर खर्च कमी करायचा म्हणून एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला, आणि सकाळी ओटची लापशी व कोको स्वतः करू लागले. संध्याकाळी पाव आणि कोको. वीस मिनिटांत स्वयंपाक आटपे आणि दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. आपल्यापैकी जे तरुणपणी नोकरीसाठी एकटे या गावात आले, वातीच्या स्टोव्हवर खिचडी लावून राहिले, त्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. १८९१ मध्ये त्यांनी 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात हिंदुस्थानातल्या खाण्यापिण्यावर लेखही लिहिले. म्हणजे गांधीजींच्या लेखनाची सुरुवातच स्वयंपाकघरापासून झाली!

परत आल्यावर मुंबईत गिरगावात बिऱ्हाड केले. वकिली चालत नव्हती. रविशंकर नावाचा स्वयंपाकी ठेवला, पण त्यालाही स्वयंपाक बेताचाच येत असे. अखेर निम्मा स्वयंपाक बॅरिस्टरसाहेबच करू लागले.

कॉलर, केस आणि रानड्यांचे उपरणे

१८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे वकिली जोरात चालली, घर मोठे झाले, आणि धोब्याचे बिलही मोठे झाले. धोबी वेळेवर कपडे देईना. तेव्हा गांधीजींनी धुलाईचे सामान आणले, त्यावरचे एक पुस्तक वाचले, आणि स्वतः शिकून कस्तुरबांनाही शिकवले. पहिली कॉलर त्यांनी धुतली तो प्रसंग वाचण्यासारखा आहे. खळ जास्त झाली होती आणि इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती. कॉलर जळेल या भीतीने दाबलीही नव्हती. तीच घालून ते कोर्टात गेले आणि कॉलरमधून खळीचे कण गळू लागले. इतर बॅरिस्टर हसले. गांधीजींनी शांतपणे सांगितले की हा पहिलाच प्रयत्न आहे, आणि निदान तुम्हाला फुकट करमणूक तरी मिळाली.

पुढची गंमत केसांची. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला साफ नकार दिला. त्यांनी केस कापायचे मशीन विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच कापले. पुढचे बरे जमले, मागचे पार बिघडले. कोर्टात पुन्हा हशा, केसांना उंदीर लागले होते काय म्हणून विचारणा. पण या प्रसंगावर विचार करताना त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्या देशातले न्हावी तरी आपल्या अस्पृश्य बांधवांचे केस कुठे कापतात, आणि आपण ते चालवून घेतो, याची ही परतफेड आहे असे त्यांना वाटले. अपमान झाला की माणूस सहसा समोरच्याकडे बोट दाखवतो. हे गृहस्थ स्वतःच्या घराकडे पाहत होते.

इस्त्रीचे शिक्षण मात्र वाया गेले नाही. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेले एक उपरणे होते. ते ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती, उपरण्याला चुण्या पडलेल्या आणि धोब्याकडे द्यायला वेळ नाही. गांधीजी म्हणाले, मी करून देतो. गोखल्यांचा गांधीजींच्या वकिलीवर विश्वास होता, धोबीकामावर नव्हता! रानड्यांची आठवण, ती जळली तर? पण गांधीजींनी हट्टाने इस्त्री केली आणि ती उत्तम उतरली. शिष्याने गुरूच्या गुरूचे उपरणे कडक करून दिले, ही गोष्ट आपण पुणेरी-सातारी मंडळींनी तरी लक्षात ठेवायला हवी.

१८९८ सालची ती संध्याकाळ

इथपर्यंत सगळे हसतखेळत झाले. आता जे सांगायचे आहे ते कठीण आहे.

डर्बनच्या घरी गांधीजींचे कारकून घरच्यासारखेच राहत. खोल्यांना मोरी नव्हती, त्यामुळे रात्री लघवीसाठी भांडी ठेवलेली असत. ती नोकराने उचलायची नाहीत, ज्याची त्याने उचलायची. जे नवीन आलेले असत त्यांची भांडी गांधीजी आणि कस्तुरबा साफ करीत. त्यात एक ख्रिस्ती कारकून आला, ज्याचे आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीतले होते. त्याचे भांडे उचलणे कस्तुरबांच्या संस्कारांना सोसवेना. पतीने ते उचललेलेही त्यांना सोसवेना. अखेर त्यांनी ते हातात घेतले. डोळे रडून लाल झालेले. तशाच त्या जिना उतरत होत्या.

गांधीजींना तेवढ्याने समाधान नव्हते. काम आनंदाने झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ते ओरडले, की माझ्या घरात हे चालणार नाही. कस्तुरबांनीही उलट सुनावले, की तुमचे घर तुम्हाला लखलाभ, मला जाऊ द्या. तेव्हा या गृहस्थांनी पत्नीचा हात धरला, फाटकापर्यंत ओढत नेले आणि फाटक उघडू लागले. परक्या देशात, ना आईवडील ना नातलग, मी जाऊ कुठे, जरा लाज धरा आणि फाटक लावून घ्या, असे त्या रडत म्हणाल्या. गांधीजी ओशाळले आणि त्यांनी फाटक लावले.

हा प्रसंग दुसऱ्या कोणी शोधून काढलेला नाही. १९२५ पासून आत्मचरित्र 'नवजीवन'मध्ये हप्त्याहप्त्याने छापून येत होते, त्यात त्यांनी स्वतःच तो लिहिला. पत्नीला आपण शिकवायची वस्तू समजत होतो, हे कबूल केले. अस्पृश्यता मोडण्याचा विचार थोर होता यात शंका नाही. पण तो घरात आणताना ज्या हाताने ओढले तो हात नवऱ्याच्या हुकमतीचा होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच संध्याकाळी होत्या. मला हे वाचून बराच वेळ पुढचे पान उलटता आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

कस्तुरबांनी पुढे असे कितीतरी प्रसंग सोसले. धाकट्या देवदासच्या जन्माच्या वेळी, १९०० साली, वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, सुईणही नाही. गांधीजींनी बाळंतपणावरचे एक गुजराती पुस्तक आधीच नीट वाचून ठेवले होते, त्याच्या आधारावर सगळे स्वतः पार पाडले. पुढे कस्तुरबा आजारी असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितले. त्या म्हणाल्या, की तुम्हालासुद्धा हे सोडवणार नाही. गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षासाठी दोन्ही सोडले! कस्तुरबा रडू लागल्या, शब्द मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. पण ते कसले ऐकतात? एका बाजूने पाहिले तर त्यांनी स्वतःलाच आधी पथ्य लावून घेतले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर आजारी बायकोला वाद घालायलाही जागा ठेवली नाही.

जाते, गव्हाची कॉफी आणि शेंगदाण्याचे लोणी

जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी सात पौंडांना एक लोखंडी जाते घेतले. त्याचे चाक एकट्याला जड जाई, दोघांना मात्र सहज फिरे. हेन्री पोलॉक, गांधीजी आणि मुले सकाळी पीठ दळीत आणि त्या कोंड्यासकटच्या पिठाचा, न आंबवलेला पाव घरी भाजला जाई.

१९०४ मध्ये पोलॉकनी दिलेले रस्किनचे पुस्तक त्यांनी जोहान्सबर्ग-डर्बन गाडीत वाचून काढले आणि डर्बनपासून चौदा मैलांवर फिनिक्सला शंभर एकर जमीन घेऊन वसाहत केली. पहिल्याच रात्री छापखान्याचे इंजिन बंद पडले. हाताने फिरवायचे चाक त्यांनी आधीच ठेवून घेतले होते. झोपलेल्या सुतारांना उठवले आणि सगळ्यांनी मिळून चाक फिरवून अंक काढला. आम्ही गिरणीवाल्यांनी वीज गेल्यावर काय काय केले आहे ते आठवून मला फार मौज वाटली.

१९१० साली त्यांचे जर्मन ज्यू मित्र, वास्तुशिल्पी हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. हेच टॉल्स्टॉय फार्म. नोकर एकही नाही. सर्वांचा एकच स्वयंपाक. सकाळी सहाला पाव आणि गव्हाची कॉफी, अकराला भात, डाळ, भाजी, आणि संध्याकाळी साडेपाचला गव्हाची लापशी व दूध, किंवा पुन्हा पाव आणि कॉफी. शेंगदाणे भाजून, दळून त्याचे लोणी करीत. ते साध्या लोण्याच्या एक चतुर्थांश किमतीत पडे. शेतात संत्री भरपूर होती. भांडी घासायला पाळ्या लावलेल्या होत्या. कचरा खड्ड्यात पुरायचा, सांडपाणी झाडांना द्यायचे, मैल्याचे खत करायचे. इतकी माणसे राहत असूनही तिथे घाण दिसत नसे, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे.

हे वाचल्यावर माझ्यातला कारागीर जागा झाला. एका रविवारी मी गव्हाची कॉफी करून पाहिली. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी माझी कृती देतो. वाटीभर गहू निवडून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजावे. रंग खोबऱ्याच्या करवंटीसारखा गडद झाला पाहिजे, पण कोळसा होता कामा नये. सतत हलवायचे, अर्धा तास तरी लागतो. गार झाल्यावर रवाळ दळावे. एक कप पाण्याला दोन चमचे पूड घालून पाच-सात मिनिटे उकळावे, गाळावे, गूळ आणि दूध घालावे. कॉफीची चव येत नाही, ते आधीच सांगतो! पण भाजक्या धान्याचा खमंग वास येतो आणि रात्री झोप उडत नाही. शेंगदाण्याचे लोणी त्याहून सोपे. दाणे खरपूस भाजून, साले पाखडून, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवत राहायचे. आधी कूट होते, मग गोळा होतो, आणि धीर धरला तर तेल सुटून लोणी होते. चवीपुरते मीठ घातले की पोळीला लावायला झकास.

मी खुशीत सर्वांना वाट्या दिल्या. शेजारच्या वहिनींनीही कौतुक केले. थोड्या वेळाने पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आमच्या सौभाग्यवती ओट्यापाशी उभ्या. कढई काळी झालेली, मिक्सरचे भांडे तेलकट, गव्हाची साले जमिनीभर. त्या काही न बोलता सगळे आवरत होत्या. पस्तीस वर्षे त्या काही न बोलताच आवरत आल्या होत्या, हे त्या दिवशी मला प्रथम दिसले. १८९८ च्या पानावर मी का अडकलो होतो ते आपल्या लक्षात आले असेल. हौसेचा स्वयंपाक करणे सोपे असते. कढई घासण्यापाशी माणसाची परीक्षा होते. त्या दिवशी कढई मी घासली. नीट निघाली नाही, पण घासली.

चपलांची जोडी

टॉल्स्टॉय फार्मवर चपलाही घरीच होत. कॅलनबाख मॅरियनहिल येथील ख्रिस्ती मठात जाऊन चपला शिवायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकवले. वैश्य दिवाणाचा बॅरिस्टर मुलगा चामडे हातात घेऊन टाके घालू लागला. सुतारकामही सुरू होते, लागणारे लाकडी सामान तिथेच बनत असे.

तुरुंगात शिवलेली चपलांची एक जोडी गांधीजींनी १९१४ मध्ये देश सोडताना जनरल स्मट्स यांना भेट पाठवली. ज्याने तुरुंगात टाकले त्यालाच! स्मट्स यांनी त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वर्षी, आदराने परत केल्या.

खराटा आणि सतार

आता आपल्या उत्सवाशी ज्याचा थेट संबंध आहे ते सांगतो.

१९०१ साली गांधीजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते. प्रतिनिधी शेकडो, संडास थोडे, आणि त्यांची अवस्था भयंकर. त्यांनी स्वयंसेवकांना दाखवले, तर उत्तर मिळाले की हे आमचे काम नाही, भंग्याचे आहे. गांधीजींनी खराटा मागितला. खराटा मिळवायलाही खटपट करावी लागली! मग त्यांनी स्वतः संडास साफ केला. मोठमोठी भाषणे मंडपात चालू होती. उका मात्र मंडपाबाहेरच होता.

१९१५ मध्ये ते शांतिनिकेतनला गेले. तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना त्यांनी सुचवले की पगारी आचारी काढून सगळा स्वयंपाक आपणच करू या. रवींद्रनाथांनी संमती दिली. १० मार्चला प्रयोग सुरू झाला. एक तुकडी भाज्या चिरते आहे, एक धान्य निवडते आहे, एक परिसर स्वच्छ करते आहे. आपले काकासाहेब कालेलकर तेव्हा तिथेच होते आणि या खटाटोपात सामील होते. भांडी घासणारी तुकडी दमून जाई, म्हणून काही विद्यार्थी त्यांच्यासमोर बसून सतार वाजवीत! हा प्रयोग फार दिवस टिकला नाही. पण १० मार्चला तिथे आचारी आणि सफाई कामगार यांना सुट्टी देऊन सर्व कामे शिक्षक-विद्यार्थ्यांनी करायची, अशी प्रथा पडली.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या अहमदाबादेत कोचरबला आश्रम सुरू झाला. थोड्याच महिन्यांत दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलेले कुटुंब राहायला आले. विहिरीवर भांडणे झाली, देणग्या बंद झाल्या. अंबालाल साराभाई यांनी स्वतःचे नाव न सांगता तेरा हजार रुपये आणून दिले म्हणून निभावले. पण गांधीजींना खरी काळजी घरातली होती. दानीबेन स्वयंपाकघरात आलेल्या आश्रमातल्या बायकांना रुचल्या नाहीत, आणि त्यांत कस्तुरबाही होत्या. या वेळीही गांधीजी हटले नाहीत. कस्तुरबा मात्र हळूहळू बदलल्या, आणि पुढे त्याच आश्रमाच्या स्वयंपाकघराचा आधार झाल्या.

७ जून १९१६ रोजी वीस वर्षांचे विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, कोचरबला आले. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी विनोबांच्याही हाती सुरी दिली आणि दोघांचे बोलणे भाजी चिरता चिरता झाले. एवढ्या मोठ्या गुरुशिष्यांची पहिली भेट अशी झाली.

१९१७ साली कोचरब भागात प्लेग आला आणि आश्रम साबरमतीकाठी हलला. आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: स्वयंपाक, भांडी, संडास, सगळे आश्रमवासीच करीत. हातमाग होता, पण सूत बाहेरचे. जुना चरखा कुणाच्या पाहण्यात नव्हता. तो गंगाबेन मजमुदार यांनी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात विजापूरला माळ्यावर पडलेला शोधून काढला, आणि तिथून खादी उभी राहिली. पुढे पुण्याच्या येरवडा तुरुंगात पेटीत मिटणारा सुटसुटीत चरखा सिद्ध झाला, तो येरवडा चरखा. १९३२ मध्ये आपले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्या म्हणून अन्न कमी करून बसले, तेव्हा येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. संडास साफ करण्याचा हक्क मागण्यासाठी दोन सुशिक्षित माणसे उपाशी राहिली!

वर्धा आणि पुणे

१९३४ च्या अखेरीस वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, साबण, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, असे नाना उद्योग तिथे चालत. १९३६ पासून गांधीजी सेगावला, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामला राहिले. माती, बांबू आणि कौलांची कुटी. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे, पाकिटे उलटवून पुन्हा वापरायची. जेवणात कडूनिंबाच्या पाल्याची चटणी असे आणि पाहुण्याचीही त्यातून सुटका नसे! कुष्ठरोगी झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांना मालिश गांधीजी स्वतः करीत.

कस्तुरबांनी त्यांना एकदा मरणाच्या दारातून आणले होते, तेही स्वयंपाकघरातल्या शहाणपणाने. १९१२ पासून त्यांनी दूध सोडले होते. १९१९ च्या सुरुवातीला आजाराने हाडांचा सापळा झाला, तरी शपथ मोडेनात. तेव्हा कस्तुरबांनी काढून दिले, की तुमच्या शपथेत गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. शपथेचा अर्थ मोडला याची त्यांना कायम टोचणी राहिली, पण पुढची एकोणतीस वर्षे ते त्या दुधावर राहिले. मला वाटते, या वेळी जिंकल्या त्या कस्तुरबा.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धता आली. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला, कस्तुरबांनी देह ठेवला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांच्या अंगावर होती. घरच्या घरी केलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला ही साडी सर्वांत मोलाची वाटते. बासष्ट वर्षांच्या संसारात त्यांनी कस्तुरबांना दागिने घालू दिले नाहीत, मनासारखे खाऊही दिले नाही. शेवटी हाताने काढलेले सूत तेवढे दिले. चार वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मागे राहिले ते चष्मा, घड्याळ, चपला, जेवणाची भांडी आणि असेच थोडेसे सामान.

आता आपल्याविषयी

आपण दहा दिवस गणपती बसवतो. मखर आपण करतो, रोषणाई आपण करतो, उकडीचे मोदक भगिनीवर्ग करतो. हे सगळे घरच्या घरी होते याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण महाप्रसादाच्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर काय होते, ते जरा आठवू या. पुरुषमंडळी सतरंजीवर गप्पांना बसतात. त्यांत मी पुढे असतो. मोठी पातेली भगिनींच्या वाट्याला येतात, आणि मागच्या बाजूचे संडास साफ करायला रोजंदारीवर कुणाला तरी बोलावतो. त्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हते. गेल्या वर्षी विसर्जनानंतर मी विचारून घेतले. तो प्रसादाला थांबतो का, हेही आपण कधी पाहिलेले नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. यंदा महाप्रसादाच्या दिवशी पातेली घासायला आणि संडास धुवायला पुरुष सभासदांच्या पाळ्या लावाव्यात. दोन्हीकडच्या पहिल्या पाळीत माझे नाव घालावे. आणि जो बंधू वर्षानुवर्षे हे काम करत आला, त्याला त्या दिवशी सहकुटुंब पहिल्या पंगतीला बोलवावे. हुकूम कुणावर नको, नावे स्वखुशीने यावीत. फाटकापर्यंत ओढत नेण्याचा मार्ग खुद्द गांधीजींनाही लाजवून गेला.

राहता राहिली सतार. ती आपल्याकडे नाही. पण आपले भजनी मंडळ आहे, पेटी-तबला आहे. आम्ही पातेली घासत असताना त्यांनी शेजारी बसून दोन अभंग म्हणावेत, म्हणजे काम हलके होईल.

यंदाही आत्याबाईंना यायचे आमंत्रण दिले आहे. त्या आल्या आणि त्यांनी पुन्हा विचारले, की इथे भांडी कोण घासते, तर मला या वेळी उत्तर देता यावे, एवढीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!